सोंगट्यांची नवी आवृत्ति

ग्रंथाची सुधारलेली आवृत्ति निघाली म्हणजे ती जुन्या आवृत्तीशीं ताडून पाहणें हें टीकाकाराचें नेहमींचें काम आहे. कोणता भाग वाढविला, कोणता गाळला, वाढविलेला शोभतो कीं खटकतो, आणि गाळलेला गाळण्याजोगा होता काय, एवढे प्रश्न विचारले म्हणजे परीक्षण बहुतेक पुरें होतें. हीच कसोटी आम्ही या लेखांत एका खेळाला लावणार आहों, आणि तोही मोबाइल फोनवरच्या. कांहीं वाचकांच्या भिंवया वर चढतील. परंतु आज पुष्कळ सुशिक्षित घरांत संध्याकाळीं पुस्तक जेवढा वेळ उघडें असतें त्याहून अधिक वेळ असा एखादा खेळ उघडा असतो. आणि जी वस्तु कुटुंबाचा इतका वेळ घेते तिचें गुणदोषविवेचन कोणीं करूं नये, हें आम्हांस पटत नाहीं.

परीक्षणाचा विषय आहे लूडोचा एक खेळ. त्याचें नांव आम्ही मुद्दाम देत नाहीं. आमची तक्रार एका दुकानाविरुद्ध नाहीं, सबंध पेठेच्या रीतीविरुद्ध आहे. आणि पेठेंत एकाच मालाचीं इतकीं दुकानें आहेत कीं आमच्या खेळाच्या ठिकाणीं वाचकांनीं आपापल्या खेळाचें नांव घातलें तरी विवेचनांत फारसा फरक पडूं नये. आठ वर्षें आम्ही हा खेळ खेळत आहों. तेव्हां अधिकाराचा प्रश्नही कोणी काढूं नये.

लूडोचें कुळ आपल्याच घरचें आहे. वेरूळच्या लेण्यांत शंकर-पार्वती सारीपाट खेळत बसलेलीं आहेत. फत्तेपूर शिक्रीस राजवाड्याच्या अंगणांत फरशीवर आंखलेला पचिशीचा भला मोठा पट आजही पाहावयास मिळतो. मराठी भाषेंत तर हा खेळ इतका मुरला आहे कीं चोरानें ‘पोबारा केला’ असें म्हणतांना आपण फाशांच्या एका दानाचें नांव घेत आहों, याची आठवणही कोणास राहिली नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत इंग्रजांनीं हा पट उचलला, एकेका फांटीचीं चोवीस घरें अठरांवर आणिलीं, कवड्या टाकून सहा बाजूंचा एकच फांसा घेतला, आणि ‘मी खेळतों’ अशा अर्थाचें लॅटिन नांव देऊन तो पुठ्ठ्यावर छापून आपल्याकडे परत पाठविला. मुलगी परदेशीं जाऊन केस कापून आली, तरी नाक आईचेंच, असा हा प्रकार. फोनवर हा पट गाजविला तो नवी मुंबईच्या गेमेशन कंपनीच्या ‘लूडो किंग’नें. तो २०१६ सालीं निघाला, दहा कोटींहून अधिक वेळां डाऊनलोड झालेला पहिला भारतीय खेळ ठरला, आणि २०२० च्या टाळेबंदींत घरोघर पोहोंचला. आम्ही ज्याविषयीं लिहीत आहों तो त्याच्या मागून निघालेल्या पुष्कळांपैकीं एक.

त्याची पहिली आवृत्ति, म्हणजे आठ वर्षांपूर्वीं आमच्या हातीं आली ती, गुणी होती. अंगानें लहान, स्वस्तांतल्या फोनवर चालणारी, आणि इंटरनेट न मागणारी. ही शेवटची गोष्ट पुण्या-मुंबईच्या वाचकांस क्षुल्लक वाटेल, नंदुरबार जिल्ह्यांत ती क्षुल्लक नाहीं. १९९८ सालीं धुळ्यापासून निराळा झालेला हा जिल्हा तापीकांठीं सपाट असला तरी वर सातपुड्यांत गेलेला आहे, आणि धडगांव-अक्कलकुव्याकडील डोंगरांत फोनला रेंज नाहीं ही बातमी होत नाहीं. तेथें काय किंवा सुरत-भुसावळ मार्गावरच्या पॅसेंजर गाडींत काय, एकच फोन मध्यें ठेवून चौघांनीं भोंवतीं बसावें, पाळी आली कीं बोट लावावें, असा तो डांव असे. पट सपाट, चार रंग ठळक, घरें डोळ्यांनीं मोजतां येतील अशीं. त्यांत आणखी एक गुण होता, आणि तोच आमच्या मतें सर्वांत मोठा. डांव मांडतांना खेळ आपल्याला नियम विचारी.

हें कां मोठें, तें सांगावयास पाहिजे. सोंगट्यांचा धर्म एक असला तरी आचार घरोघर निराळा. कोणाच्या घरीं सोंगटी सहावरच निघते, कोणाच्या घरीं एकावरही. कोठें लागोपाठ तीन सहा पडले तर तिन्ही फुकट. कोठें दुसऱ्याची एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आपली घरांत शिरूं शकत नाहीं. लग्न होऊन आलेल्या मुलीला सासरच्या आमटीप्रमाणें सासरच्या लूडोचीही चव हळूहळू कळते. हे नियम कोणी छापलेले नसतात. ते पटाभोंवतीं बसलेल्यांनीं भांडून ठरविलेले असतात, आणि मोडावयाचे तर त्यांच्याच संमतीनें मोडतात. खेळाची खरी मालकी कोठें असते, तें येथें दिसतें. पट आणि फांसा दुकानांतला असेल. नियम घरचा असतो.

तिसऱ्या कीं चौथ्या वर्षीं ही निवड काढून टाकण्यांत आली. प्रस्तावना नाहीं, कारण नाहीं. एके सकाळीं पाहिलें तों ती जागा नव्हती आणि तेथें एक पेटी चकाकत होती. तेव्हांपासून सर्वांना नियम एकच, आणि तोही कोणत्या रात्रीं बदलेल याचा भरंवसा नाहीं. गेल्या वर्षीं सोंगटी एकावरही निघूं लागली. आमच्या घरीं ती कधीं एकावर निघत नसे. बदलाचा हेतु उघड आहे. सोंगट्या लवकर निघाल्या कीं डांव लवकर आटोपतो, डांव लवकर आटोपला कीं दुसरा लवकर सुरू होतो, आणि दोन डांवांच्या मध्यें एक जाहिरात बसते. नियम बदलण्यास कोणाचीही हरकत नसावी. पण तो खेळाच्या सोयीसाठीं बदलावा कीं जाहिरातीच्या?

याच हेतूनें घड्याळ आलें. पाळी आल्यावर दान टाकण्यास पूर्वीं मर्यादा नव्हती. मग तीस सेकंद झाले, मग पंधरा, हल्लीं दहा. यांत बिघडलें काय, असें तरुण वाचक विचारतील. सोंगट्यांत दान पडण्यांत खेळणाराचें कर्तृत्व तें काय? फांसा पडावयाचा तसा पडतो. खेळ असतो तो दोन दानांच्या मधल्या वेळांत. ‘या खेपेस माझी सोड, पुढच्या खेपेस तुझी सोडीन’ हा करार, तो मोडल्यावरचा आरडाओरडा, हरणाऱ्याचे टोमणे, जिंकणाऱ्याची खोटी नम्रता, आजीनें घरें मोजतांना केलेली लबाडी आणि ती सर्वांनीं पाहून न पाहिल्यासारखी करणें, हें सगळें त्या मधल्या वेळांत घडतें. फोनवर लबाडी शक्य नाहीं, हा तोटा आम्ही पहिल्या आवृत्तीलाही माफ केला होता. बाकीचें सारें तींत राहिलें होतें. दहा सेकंदांत करार होत नाहीं. ज्यांचे डोळे अधू किंवा बोट थरथरतें, त्यांची पाळी तर नुसती निघूनच जाते, आणि तीन पाळ्या गेल्या कीं यंत्र त्यांना डांवांतून उठवितें. घरांतल्या वडील माणसाला पटावरून उठविण्याचें धैर्य आमच्या माहितींतल्या कोणत्याही घरांत कोणास झालेलें नाहीं; तें या आवृत्तीनें दाखविलें.

सजावटीविषयीं दोन ओळी पुरेत. पट आतां उत्सवागणिक वेष बदलतो. घरांवर पणत्या येतात, पतंग येतात, आणि घरें मोजणें अशक्य होतें. फांसा पडतांना ठिणग्या उडतात. लग्नाच्या वरातींत नवऱ्यामुलापेक्षां बँडच मोठा व्हावा, तसें हें आहे.

नाण्यांचें प्रकरण अधिक गंभीर. डांवाला बसण्यास आतां नाणीं पडतात. तीं संपलीं कीं जाहिरात पाहावी, नाहींतर खरे रुपये मोजून खोटीं नाणीं घ्यावीं. जिंकलेल्या नाण्यांचा उपयोग एकच, पुन्हां डांवाला बसणें. हा जुगार नव्हे, कारण जुगारांत निदान जिंकणाऱ्याच्या हातीं कांहीं लागतें. पैसे लावून लूडो खेळविणारे धंदे निराळे होते. लूडो नशिबाचा खेळ कीं कौशल्याचा, हा वाद त्यांच्यामुळेंच २०२१ सालीं मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला; आणि पुढें २०२५ च्या ऑगस्टांत संसदेनें पैशांवर चालणाऱ्या ऑनलाइन खेळांस बंदी करणारा कायदा केला, तो आम्हांस योग्यच वाटतो. पण आमच्या तक्रारीला त्या कायद्यांत जागा नाहीं. कायद्यानें पाहिलें तें इतकेंच, कीं खेळाच्या शेवटीं पैसा कोणास मिळतो. खेळाच्या आरंभीं खेळणाराला काय विचारलें जातें आणि काय विचारलें जात नाहीं, हें पाहणें त्याचें कामही नव्हे. तें टीकेचें काम आहे.

फांशाविषयींही बोललें पाहिजे, कारण जुने खेळाडू एकत्र आले कीं गोष्ट तेथेंच येते. हरणाऱ्याला एकाएकीं सहावर सहा कसे पडतात? यंत्र मुद्दाम डांव रंगवीत तर नसेल? या संशयाला पुरावा नाहीं, आणि पुराव्यावांचून आम्ही आरोप करीत नाहीं. संशय येतो एवढें मात्र खरें, आणि तो येण्याचें कारण साधें आहे: फांसा आपल्या हातांत नाहीं. शकुनीच्या फांशांचा संशय कोणास आला असता तर ते उचलून पाहतां आले असते. येथें उचलावें काय? आणि ज्या आवृत्तींत बाकीच्या सर्व गोष्टी खेळणाराला न विचारतां बदलतात, तींत फांसा तेवढा निष्पाप राहिला असेल हें मानण्यास मनाला जड जातें.

फुकट मिळालेल्या वस्तूविषयीं कुरकुर कसली, असें म्हणणारे भेटतील. त्यांत तथ्य आहे. खेळ करणाऱ्यांनाही पोट आहे, चांगला खेळ करण्यास कुशल माणसें लागतात, आणि जाहिरात नको तर पैसा कोठून येणार? आमचें उत्तर असें कीं जुन्या आवृत्तीसाठीं आम्ही एखाद्या मासिकाच्या वर्षाच्या वर्गणीइतकी रक्कम आनंदानें देऊं. पण विकत घ्यावयास ती आहे कोठें? दुसरा आक्षेप असा कीं वय वाढलें म्हणजे माणसाला प्रत्येक बदल खुपतो. तसें असतें तर लूडोच खुपला असता. तो तर सारीपाटाचा मोठाच फेरफार. बदलानें खेळ वाढतात. बुद्धिबळांत वजीर आणि उंट यांना युरोपांत पंधराव्या शतकाच्या अखेरीस लांबच्या चाली मिळाल्या आणि खेळाचें रूप पालटलें. तरी आपल्याकडे निराळ्या नियमांचे देशी डांव विसाव्या शतकांतही चालत होते, प्याद्यानें मात केल्याची मिजास मिरविली जात होती, आणि आधीं देशी पद्धतीवर तयार झालेले मीर सुलतान खान यांनीं विलायती नियम शिकून १९२९ सालीं ब्रिटनचें विजेतेपद मिळविलें. नवें आलें, जुनें राहिलें. ज्याला जें हवें तें त्यानें खेळावें. लूडोचा पुठ्ठा आला म्हणून कोणाच्या घरच्या कवड्या कोणी उचलून नेल्या नाहींत. फोनवरच्या आवृत्तीचा दोष नेमका येथें आहे. ती येतांना जुनी घेऊन जाते. ग्रंथाची बिघडलेली तिसरी आवृत्ति निघाली तर कपाटांतली पहिली आपण काढून वाचतों. या खेळाला कपाटच नाहीं.

हें अपरिहार्य आहे असेंही नाहीं. ‘रूनस्केप’ नांवाच्या इंग्लंडांतील एका खेळाचे जुने खेळाडू असेच चिडले होते. तेव्हां तो चालविणाऱ्या कंपनीनें २०१३ सालीं त्यांचें मत घेऊन २००७ सालची आवृत्ति नव्याच्या शेजारीं स्वतंत्रपणें पुन्हां सुरू केली, आणि पुढें नव्यापेक्षां त्या जुनीवरच गर्दी अधिक झाली. उलट बाजूचें उदाहरण ‘द क्रू’ या मोटारींच्या शर्यतीच्या खेळाचें. २०१४ सालीं निघालेला हा खेळ ३१ मार्च २०२४ रोजीं कंपनीनें बंद केला, आणि ज्यांनीं तो पैसे देऊन घेतला होता त्यांनाही तो उघडेना. विकलेले खेळ असे मारून टाकूं नयेत, अशी मागणी त्यानंतर युरोपांत उठली, आणि २०२५ च्या जुलैपर्यंत तिच्यावर दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. आपल्याकडे अशा मागणीवर सह्या कोण करील? लूडो खेळणारांत बायकामुलें आणि म्हातारीं माणसें पुष्कळ. तीं आपल्याला ‘खेळाडू’ म्हणवून घेत नाहींत, आणि त्यांची नाराजी आपापल्या घरींच विरते.

आमचें मागणें मोठें नाहीं. पणत्या राहूं द्या, पतंग राहूं द्या, घाई असणारांना दहा सेकंदांचा डांवही राहूं द्या. त्याशेजारीं पहिली आवृत्ति, सपाट पटाची, इंटरनेट न मागणारी, डांव मांडतांना घरचे नियम विचारणारी, किंमत लावून ठेवा. तोंवर ज्यांच्या जुन्या फोनमध्यें ती अद्याप शिल्लक आहे त्यांनीं ती पुसूं नये, आणि नवी घेण्याची सूचना आली तर हात आंवरावा. मागें त्या सूचनेखालीं ‘नंतर’ असें एक बटण असे. गेल्या दोन खेपांपासून तें दिसत नाहीं.