मोडीचे प्रौढ-वर्ग : एक परीक्षण

गेल्या कांहीं वर्षांत मोडी लिपीचे वर्ग महाराष्ट्रांत जागोजाग निघाले आहेत. कोठें आठवड्याचे, कोठें दहा दिवसांचे, कोठें केवळ रविवारचे, आणि अलीकडे घरबसल्या पडद्यावर चालणारेहि. या वर्गांस येणारा विद्यार्थी शाळकरी पोर नसून बहुधा पन्नाशी ओलांडलेला असतो. सेवानिवृत्त कारकून, वकील, शिक्षिका, वतनदार घराण्यांतील वंशज, माळ्यावर सांपडलेल्या रुमालानें अस्वस्थ झालेली एखादी गृहिणी, असा हा समाज आहे. या वयांत नवी लिपी शिकावयास बसणें ही आदराचीच गोष्ट होय, व वर्ग चालविणारांच्या हेतूविषयींहि आमच्या मनांत किंतु नाहीं. परंतु ज्या रीतीनें हे वर्ग चालतात ती रीत आम्हांस मुळांतच चुकीची वाटते. तिचा परिणाम आतां प्रत्यक्ष कागदांवर होऊं लागला आहे, सबब तिचें परीक्षण येथें करणें प्राप्त आहे. दोष कोणा एका संस्थेचा नाहीं, म्हणून नांवें घेण्याचें कारण नाहीं.

हे वर्ग अजून कित्त्यावर चालतात. मुंबई इलाख्याच्या प्राथमिक शाळांतून मोडी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शिकविली जात होती. मुलास बाळबोध अगोदर येई, मग मोडीचा कित्ता हातीं पडे, व त्यावरून तो अक्षरें घोटी. त्या शिक्षणाचा हेतु मुलानें पुढें मोडी लिहावी, खतें, हिशेब, याद्या कराव्या, हा होता. सबब हात वळविणें हें त्यांतील मुख्य काम असणें योग्यच होतें. आज कोणास मोडींत लिहावयाचें आहे? आज मोडी वाचावयाची आहे, आणि तीहि दुसऱ्यानें घाईनें, अर्धें अध्याहृत ठेवून लिहिलेली. तरी दहा दिवसांपैकीं निम्मे दिवस साठ वर्षांच्या गृहस्थास बाराखडी गिरवावयास लावण्यांत जातात. गिरविल्यानें अक्षराची वळणें कळतात, हें आम्हांस मान्य आहे; बोरू कोठून निघाला व कोठें वळला हें ज्याच्या बोटांस ठाऊक नाहीं त्यास पुसट अक्षर ओळखतां येणें कठीण. परंतु त्यास एक दिवस पुरे.

शिवाय जें वळण गिरवून घेतात तें इंग्रजी अमदानींतील छापील क्रमिक पुस्तकांचें, म्हणजे मोडीचें सर्वांत सुबक व सर्वांत सुटें रूप. त्यावर हात बसवून विद्यार्थी पेशवाईंतील पत्रापुढें बसला कीं त्यास एक ओळहि लागत नाहीं. चिटणिशी वळण निराळें, रानडी निराळें; ‘र’ पुढील-मागील अक्षराशीं जुळतांना किती रूपें घेतो हें कित्त्यावरून कळणें नाहीं. शिरोरेषा आधींच ओळभर ओढलेली, शब्द तोडलेले नाहींत, विरामचिन्हें नाहींत. ‘घोडानवापरावा’ एवढीं अक्षरें बिनचूक लागलीं, तरी तो घोडा ‘न वापरावा’ असें म्हटलें आहे कीं तो ‘नवा परावा’ आहे, हें अक्षरज्ञान सांगत नाहीं. तें मजकुराच्या ओघावरून ठरतें. वर्गांत शिकवावयाचें तें हें.

पण अक्षर व शब्द हे दोन्ही लागले तरी काम अर्धेंच झालें. पत्राच्या शेवटीं ‘छ’ अक्षर व पुढें आंकडा आला म्हणजे तो चंद्र, अर्थात् मुसलमानी महिन्याची तिथि; ‘पौ॥’ म्हणजे पैवस्तगी, पत्र पोंचल्याचा शेरा. हें न शिकविल्यामुळें प्रमाणपत्रधारी माणसें ‘छ’ जसेंच्या तसें उतरवून पुढें जातात. ‘अर्बा तिसैन मया व अलफ’ हे चार शब्द अरबी संख्या होत. चार, नव्वद, शंभर व हजार मिळून शुहूर सन ११९४ झाला. त्यांत ५९९ मिळविले असतां मृगापासून डिसेंबरअखेर इसवी १७९३ येतें, व पुढील पांच महिन्यांस ६०० मिळवावे लागतात. हाच आंकडा कोणी फसली समजला तर ५९० मिळवून १७८४ हातीं येईल. नऊ वर्षांचा हा फरक लहान नव्हे. १७८४ सालीं महादजी शिंदे उत्तरेंत बादशाही कारभार हातीं घेत होते. १७९३ सालीं ते पुण्यास होते, आणि १७९४ च्या फेब्रुवारींत वानवडीस वारले. सन चुकलेलें पत्र बिनचूक वाचलें काय आणि न वाचलें काय, इतिहासास सारखेंच.

हिशेबी कागदांची गोष्ट याहून बिकट. एक दंड म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. म्हणून ५॥ हे साडेपांच. तेच दोन दंड अक्षरापुढें आले कीं शब्दाचा संक्षेप दाखवितात. खंडीचे मण वीस, पण मणाचे शेर किती हें माल व स्थळ पाहून ठरवावें लागतें. लिपीच्या पुस्तकांतून या विषयास दोन पानेंहि मिळत नाहींत.

येथें प्रौढ विद्यार्थ्याचें जें खरें भांडवल, तें वर्ग वायां घालवितात. ज्यानें तलाठी म्हणून उभी हयात सात-बारा लिहिले, त्यास जमाबंदीचा कागद कसा रचलेला असतो हें कोणी सांगावें लागत नाहीं. रकान्यांच्या मांडणीवरूनच तो बेरीज कोठें व वजावाट कोठें हें दाखवील. पेढीवर हयात गेलेल्या मुनिमास हुंडीची मुदत व व्याजाची आकारणी उमगते, वकिलास खरेदीखतांतील चतुःसीमा उमगते. आम्ही एका वर्गांत एक वृद्ध शेतकरी पाहिला. अक्षर त्यास अडखळत लागे, परंतु पिकांचीं व जमिनींच्या प्रतींचीं नांवें निघालीं कीं शिक्षकाचें वाचन तोच दुरुस्त करी. अशांस ‘अ आ’ पासून मुलांप्रमाणें एका ओळींत बसविणें हा त्यांच्या अनुभवाचा अपमान आहेच, पण त्याहून कागदांचें नुकसान अधिक.

संस्कृत शिकलेल्या आमच्यासारख्यांचा दोष उलट्या बाजूचा. मोडींत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद बहुधा पाळलेला नसतो. संस्कृतज्ञाचा हात उतरवितांना आपोआप ‘शुद्ध’ करूं लागतो, आणि मूळ लेखकाची भाषा पुसली जाते. पोथीचे पाठभेद नोंदवितांना जो संयम आपण पाळतों, तोच फडणिशी यादीलाहि लागू आहे, हें वर्गांत पहिल्या दिवशीं सांगितलें पाहिजे.

हा केवळ विद्वानांचा वाद राहिलेला नाहीं. २०२३ च्या सप्टेंबरांत निवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखालीं शासनानें समिति नेमल्यापासून ‘कुणबी’ नोंदींसाठीं जुनीं दप्तरें उघडलीं गेलीं, आणि त्यांत मोडी कागदहि आले. संक्षेपानें लिहिलेला एक शब्द कोणी कसा वाचला, यावर एका कुटुंबाच्या मुलांचे दाखले अवलंबून राहूं लागले. दहा दिवसांच्या वर्गाचें प्रमाणपत्र घेऊन कोणी असा शब्द वाचीत असेल, तर चूक इकडे झाली काय वा तिकडे झाली काय, अन्याय ठरलेलाच.

मग करावें काय? वर्ग दहा दिवसांऐवजीं दोन वर्षें, आठवड्यांतून एक दिवस चालावा. सेवानिवृत्तांस वेळेची तूट नसते, घाई असते ती वर्ग चालविणारांस. दुसऱ्या बैठकीपासून खरा कागद समोर असावा. रियासतकार सरदेसाई यांनीं पेशवे दप्तरांतून निवडलेले ४५ खंड १९३० ते १९३४ या काळांत निघाले; त्यांतील पत्राचें मूळ छायाचित्र आधीं वाचावें, मग छापील बाळबोध मजकुराशीं ताडून पाहावें, आणि छापील पाठहि कोठें संशयास्पद वाटला तर तसें निर्भयपणें लिहावें. दोघांनीं मिळून, एकानें मोठ्यानें वाचून व दुसऱ्यानें लिहून घेऊन अभ्यास करावा. न लागलेल्या शब्दाची जागा रिकामी सोडणाऱ्यास, अंदाजानें भरणाऱ्याहून अधिक गुण द्यावे.

प्रमाणपत्रावरहि केवळ ‘मोडी उत्तीर्ण’ असें न लिहितां, कोणत्या काळचे, कोणत्या प्रकारचे, किती बंद विद्यार्थ्यानें स्वतः उतरविले हें नमूद असावें. आणि ज्या संग्राहकांजवळ रुमाल पडून आहेत त्यांनीं मूळ कागद न देतां त्यांचीं स्वच्छ छायाचित्रें अशा वर्गांस द्यावीं. जमाखर्चाच्या याद्या प्रथम द्याव्या, कारण घराण्याचीं पत्रें वाचावयास सर्वच उत्सुक असतात, याद्यांकडे कोणी फिरकत नाहीं.