टॅबलेटवरील चित्रकला : साधन, निर्णय आणि निरीक्षण
(पारोळा परिसराच्या संदर्भात एक समीक्षा)

प्रस्तावना

चित्रकलेच्या क्षेत्रात आलेल्या बहुतेक नव्या साधनांकडे प्रथम संशयाने पाहिले गेले. छायाचित्रण हे त्याचे ठळक उदाहरण होय. खानदेशापुरता विचार केला तर चाळीसगावचे कलामहर्षी केकी मूस (1912–1989) यांचे कार्य डोळ्यांसमोर येते. घरातील साध्या वस्तूंची टेबलावर मांडणी करून त्यांनी घेतलेली टेबल-टॉप छायाचित्रे पाहताना समोर खरेच निसर्गदृश्य आहे असा भास होतो. यंत्र कॅमेऱ्याचे होते; मांडणी, प्रकाश आणि नजर मात्र कलावंताची होती. टॅबलेटवर अ‍ॅपच्या साहाय्याने काढलेल्या चित्राविषयी आज तोच जुना आक्षेप घेतला जातो : हे यंत्राने काढले, यात हाताचे काय? प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, हा प्रश्न गौण आहे. चित्रकाराने स्वतः किती पाहिले, हा खरा प्रश्न होय.

माध्यमाचे स्वरूप

संगणकाच्या पडद्यावर लेखणीने रेखाटन करण्याची कल्पना नवी नाही. इव्हान सदरलँड यांनी 1963 मध्ये ‘स्केचपॅड’ या प्रणालीद्वारे ती प्रत्यक्षात आणली. सामान्य चित्रकाराच्या हाती हे साधन आले ते मात्र 2010 मधील आयपॅडनंतर. ‘प्रोक्रिएट’ आणि ‘आयबिस पेंट’ ही अ‍ॅप्स 2011 मध्ये आली. त्यांपैकी दुसरे अँड्रॉइड उपकरणांवरही चालते.

या माध्यमाची तीन वैशिष्ट्ये समीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाची आहेत. पहिले म्हणजे ‘अनडू’, अर्थात केलेली रेघ मागे घेण्याची सोय. जलरंगात कागदाचा पांढरेपणा आधीच राखावा लागतो; एकदा दिलेला वॉश पूर्णपणे परत घेता येत नाही. म्हणून तेथे प्रत्येक फटकारा हा निर्णय असतो. टॅबलेटवर निर्णय लांबणीवर टाकता येतो. नवशिक्याची भीती त्यामुळे जाते, हा लाभ नाकारता येणार नाही. परंतु निर्णय घेण्याची सवयही त्याबरोबर जाऊ शकते. दुसरे वैशिष्ट्य ‘लेयर’ अर्थात थर. खालच्या थरावर छायाचित्र ठेवून वरच्या थरावर ते गिरवता येते. तिसरे वैशिष्ट्य असे की, चित्र कोणत्या क्रमाने घडत गेले याची नोंद अ‍ॅप ठेवू शकते व ती चलचित्रासारखी पाहता येते.

हॉकनी यांचे उदाहरण

ब्रिटिश चित्रकार डेव्हिड हॉकनी यांनी 2011 च्या जानेवारीपासून जूनच्या प्रारंभापर्यंत ईस्ट यॉर्कशायरमधील वोल्डगेटच्या रस्त्यावर वसंताचे आगमन आयपॅडवर टिपले. लंडनच्या रॉयल अ‍ॅकॅडमीत 2012 मध्ये झालेल्या प्रदर्शनात यांपैकी 51 रेखाटने मोठ्या मुद्रितांच्या रूपाने मांडली गेली. त्यांच्या सोबत 32 कॅनव्हास जोडून केलेले एक भव्य रंगचित्रही होते.

या चित्रांत उणिवा आहेत. अ‍ॅपच्या ब्रशचा ठसा ठिकठिकाणी एकसारखा उमटतो. हिरवा रंग काही वेळा भडक होतो. मोठ्या मुद्रितात पृष्ठभाग सपाट वाटतो. तेलरंगाच्या थराची जाडी व खरखर येथे मिळत नाही. तरीही ही मालिका टिकते, याचे कारण साधनात नाही. एकाच रस्त्याकडे पुनःपुन्हा जाऊन, ओल, धुके, पालवी यांतील फरक चित्रकाराने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला आहे. टॅबलेटमुळे रंग मिसळण्याचा आणि वाळण्याचा वेळ वाचला. तो पाहण्यासाठी वापरला गेला.

पारोळ्याच्या संदर्भात

पारोळ्याच्या भरवस्तीत जहागीरदार हरी सदाशिव दामोदर यांनी 1727 मध्ये बांधलेला भुईकोट किल्ला आहे. परिसरातील विद्यार्थ्याला चित्रविषय म्हणून तो सहज सुचावा. टॅबलेटवर हा विषय दोन प्रकारे हाताळता येतो. किल्ल्याचे छायाचित्र खालच्या थरावर ठेवून बुरूज गिरवला, तर प्रमाण अचूक येते, परंतु ते प्रमाण भिंगाचे असते. सावलीतला रंग कॅमेऱ्याने काळवंडलेला असतो व तोच चित्रात उतरतो. याउलट तटासमोर बसून काढलेल्या चित्रात प्रमाण कदाचित चुकेल. पण सकाळच्या आणि दुपारच्या उन्हातील दगडाचा वेगळा रंग विद्यार्थ्याला शोधावाच लागेल. उपकरण तेच, अ‍ॅप तेच; पहिल्या चित्रात नक्कल आहे, दुसऱ्यात निरीक्षण आहे.

येथे कला संचालनालयाच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट परीक्षांची परंपरा मार्गदर्शक ठरते. स्थिरचित्रात समोरची वस्तू पाहावी लागते आणि स्मरणचित्रात पूर्वी पाहिलेले आठवावे लागते. या दोन्ही कसोट्या कागदावर अवलंबून नाहीत. त्या टॅबलेटवरही तितक्याच लागू पडतात. महाविद्यालयीन स्पर्धांत व प्रकल्पांत टॅबलेटवरील चित्राला सरसकट नकार देणे जसे अन्यायाचे, तसेच केवळ सफाईवर भाळून त्याला पारितोषिक देणेही घातक होय. पहिल्या भूमिकेने प्रामाणिक विद्यार्थी नाउमेद होतो, तर दुसरीने गिरवणाऱ्याला उत्तेजन मिळते.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, टॅबलेटवरील चित्राचे मूल्यमापन केवळ अंतिम प्रतिमेवरून करू नये. चित्रासोबत त्याच्या घडणीची नोंद मागवावी. पहिली रेघ कोठे पडली, काय खोडले गेले, रंग कशामुळे बदलला, हे त्यातून बऱ्याच अंशी दिसते. कागदावर खोडरबराने जे कायमचे पुसले जाते, ते येथे परीक्षकाला पाहता येते, ही या माध्यमाची दुर्लक्षित शक्ती होय. ज्या साधनावर नक्कल सोपी केल्याचा आरोप आहे, तेच साधन नक्कल उघडही करू शकते. त्यासाठी यंत्राला दोष देण्याऐवजी अध्यापकाने ही नोंद वाचायला शिकले पाहिजे आणि विद्यार्थ्याला टॅबलेटसह किल्ल्याच्या तटासमोर नेऊन बसवले पाहिजे.