‘श्यामच्या आई’तील जमाखर्च

साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ हे पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले व १९३५ साली ते प्रसिद्ध झाले. तेव्हापासून आपल्या घरांत ते मातृप्रेमाचे पुस्तक म्हणून वाचले जाते, आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यांस पाणी आले म्हणजे वाचन सफल झाले, असा समज रूढ आहे. हा समज अगदीच खोटा नव्हे. परंतु बेचाळीस रात्रींची ही कथा जितकी प्रेमाची आहे तितकीच कर्जाची आहे, ह्याकडे त्यामुळे दुर्लक्ष झाले आहे.

आई मुलाला पैशाविषयी काय शिकविते ते पाहण्याजोगे आहे. पुस्तकांच्या लोभाने श्याम पाहुण्याच्या खिशातील पैसे चोरतो, तेव्हा विद्येची हाव ही चोरीची सबब होऊ शकत नाही, हे त्याला उमजते ते तिच्यामुळे. तो दक्षिणा घेऊन येतो, तर गृहस्थाच्या मुलाने ती घ्यावयाची नसते, असे ती बजाविते. रामरक्षेचे पुस्तक नसेल तर हाताने उतरून घ्यावे, हा तिचा मार्ग. भाऊबिजेचे पैसे येतात, त्यांतून पतीला धोतर येते. लाभ, मान आणि श्रम ह्यांची इतकी स्वच्छ समज देणारी माता आपल्या वाङ्मयात क्वचितच आढळेल.

पण ही सारी शिकवण चार-आठ आण्यांची आहे. घर बुडते ते त्याहून कितीतरी मोठ्या रकमेपायी. त्या मोठ्या व्यवहाराचा धडा मुलांना कोणी समोर बसवून देत नाही. तो त्यांच्या कानांवर पडतो वडील माणसांच्या वादांतून, वसुलीस आलेल्या माणसाच्या अपशब्दांतून, आणि अखेरीस जप्तीच्या दवंडीतून. शेत विकून ऋणमुक्त व्हावे, हा शहाणपणाचा सल्ला घरात येतो. खोतपणाच्या अभिमानापुढे त्याचे काही चालत नाही. गुरुजी येथे वडिलांस फारसा दोष देत नाहीत, व पुत्राच्या लेखणीस ते शोभतेही. टीकाकाराला हा संकोच पाळता येत नाही. व्याज कसे चढते आणि जमीन केव्हा सोडावी, हे ज्ञान प्रामाणिकपणातून आपोआप उपजत नसते. आई राबते, काटकसर करते, आणि तरीही घराची अब्रू वेशीवर टांगली जाते. कष्टाचे फळ हमखास मिळते, असे मुलांना सांगणाऱ्या आम्हां पालकांना हा भाग अडचणीचा वाटावा, ह्यात नवल नाही.

‘तेल आहे, तर मीठ नाही!’ ह्या एका मथळ्यात जेवढा संसार उभा राहतो, तेवढा पानभर उपदेशातही उभा राहत नाही. आणि उपदेश ह्या पुस्तकात थोडाथोडका नाही. इतकी चांगली माणसे, मग त्यांचे घर का बुडाले, असे मुलाने विचारले, तर त्यास ‘दैव’ एवढेच उत्तर मिळते. मग कर्जाच्या रात्री घाईने उलटल्या जातात, आणि पुढच्या, आईच्या आजाराच्या रात्री तेवढ्या मोठ्याने वाचून दाखविल्या जातात.