सचेतनपटातील रेषा कोणाची?

हस्तचित्रित सचेतनपटांविषयी लिहिताना आपले समीक्षक रेषेची स्तुती करतात आणि ती निःसंकोचपणे ॲनिमेटरच्या खाती जमा करतात. हे श्रेयवाटप तपासून पाहण्याजोगे आहे.

१९३७ सालच्या ‘स्नो व्हाइट अँड द सेव्हन ड्वार्फ्स’ या डिस्नेकृत चित्रपटाचे उदाहरण घ्यावे. प्रथम प्रसंगांची रेखाटने कथाफलकावर लावली जात. पुढे ध्वनिमुद्रित संवादांच्या लयीवर ॲनिमेटर हालचालीतील प्रमुख अवस्था पेन्सिलीने काढी. मधल्या अवस्था भरणे व रेषांची सफाई करणे हे साहाय्यकांचे काम. पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी सरकतात. एक चित्र दोन चौकटींना पुरविले, तरी एका पात्रासाठी सेकंदाला १२ चित्रे लागतच. इथवरचा इतिहास सर्वपरिचित आहे.

परंतु ही पेन्सिलीची रेषा प्रेक्षकाला दिसतच नाही. ते कागद शाई-रंग विभागात जात. तेथे प्रामुख्याने स्त्रिया काम करीत. सेल्युलॉइडचे पारदर्शक पान, म्हणजे ‘सेल’, कागदावर ठेवून त्या प्रत्येक रेषा शाईने गिरवीत. रंग मागील बाजूने भरला जाई, त्यामुळे शाईची रेषा अबाधित राही. मग ही पाने रंगविलेल्या पार्श्वभूमीवर ठेवून एकेक चौकट कॅमेऱ्याने टिपली जाई. ‘गिरविणे’ या शब्दाने मात्र फसू नये. पेन्सिलीची रेषा दाबानुसार फिकट-गडद होते; शाईत तिची जाडी निश्चित ठरवावी लागते, आणि ती चित्रागणिक बदलली की पडद्यावर पात्राची कडा थरथरू लागते. बाह्यरेषा सरसकट काळी न ठेवता आतील रंगाशी मिळती ठेवण्याचे कसबही याच हातांचे. स्नो व्हाइटच्या चेहऱ्याचा जो मृदुपणा आपण वाखाणतो, तो पुष्कळ अंशी येथला आहे. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत ॲनिमेटर आहेत, पार्श्वभूमीकारही आहेत. या स्त्रियांपैकी एकीचेही नाव नाही. समीक्षेने ती नामावली जशीच्या तशी स्वीकारली, एवढेच.

त्या हातांचे मोल पुढे अभावाने कळले. १९६१ च्या ‘वन हंड्रेड अँड वन डालमेशियन्स’मध्ये अब आयवर्क्स यांनी सिद्ध केलेल्या झेरॉक्स-पद्धतीने पेन्सिलीची रेषा थेट सेलवर उतरली. खर्च वाचला, गिरविणाऱ्यांचे काम गेले. आपली रेषा पडद्यावर पाहून ॲनिमेटर सुखावले, पण खुद्द वॉल्ट डिस्ने यांना तो खडबडीतपणा रुचला नाही. मार्क डेव्हिस यांच्या क्रुएलाला ती राकट रेषा शोभून दिसते, हे मान्यच. तीच रेषा स्नो व्हाइटच्या गालावर कल्पून पाहावी.