परग्रहवासीयांचीं यानें

घराची कळा अंगण सांगतें, अशी आपल्याकडे म्हण आहे. तीच कसोटी वाहनासहि लावतां येते. होडीचा तळ सपाट आहे कीं खोल, एवढ्यावरून तिचें पाणी उथळ कीं गहिरें हें जाणता सांगूं शकतो. अलीकडच्या व्हिडिओ गेममध्यें परग्रहवासीयांचीं जीं यानें रेखाटलेलीं असतात, त्यांविषयीं हाच प्रश्न विचारण्याजोगा आहे : यान पाहून आंतला रहिवासी ओळखतां येतो काय ? मुलांचा खेळ म्हणून ज्यांनीं या पडद्याकडे कधीं पाहिलें नसेल, त्यांसहि हा प्रश्न पोरकट वाटणार नाहीं, असा आमचा विश्वास आहे.

विमानास पंख लागतात, कारण त्यास हवा कापावयाची असते. अंतराळांत हवा नाहीं. १९६९ मध्यें चंद्रावर उतरलेलें ‘ईगल’ यान कोळ्यासारखें काटकुळें व ओबडधोबड दिसे, तें यामुळेंच. तेथें आकार मोकळा असतो. म्हणूनच कल्पित यानाचें रूप हें बव्हंशीं कल्पना करणाराच्या मनाचें रूप असतें.

‘बंगी’ संस्थेचा ‘हेलो’ (२००१) हा खेळ घ्या. त्यांतील मानवी जहाज करड्या रंगाचें, काटकोनी, उघड उघड लोखंडी आहे. उलट, कव्हेनंट या शत्रुपक्षाचीं यानें जांभळीं, गुळगुळीत व माशाच्या पाठीसारखीं वळलेलीं. कव्हेनंट ही एका धर्मानें बांधलेली अनेक जातींच्या प्राण्यांची युती. त्यांच्या यानांत शिडीनें चढावयाचें नसतें. प्रकाशाचा एक झोत माणसास अलगद वर उचलून घेतो. देवळांत शोभावा असा हा प्रवेश खरोखर मार्मिक आहे. परंतु आंत गेल्यावर आम्हांस एक विसंगति खटकली. त्या फौजेंतील ठेंगणे ग्रंट मिथेन वायूवर जगतात. आणि तरी स्वपक्षाच्या यानांतहि ते पाठीवर वायूची टांकी वाहूनच हिंडतात! हा रेखाटणारांचा विसर समजावा काय ? आम्हांस तसें वाटत नाहीं. यान बांधलें तें धिप्पाड धन्यांच्या बेतानें. चाकरांनीं आपला श्वास आपल्या पाठीवर वाहावा. ज्या समाजांत उतरंड असते, तेथें वास्तूंतहि ती उमटते, हें आपल्या लोकांस निराळें सांगावयास नको. रेखाटणारांचा हेतु कांहींहि असो, यान एवढें बोलून जातें.

‘बायोवेअर’च्या ‘मास इफेक्ट’ (२००७) मध्यें याहून धाडसी कल्पना आहे. ‘सॉव्हरिन’ नांवाचें प्रचंड यान प्रथम एका बंडखोराचें वाहन वाटतें. पुढें कळतें कीं, तें स्वतःच विचार करणारें सजीव सत्त्व आहे. आंत कोण बसतो, हा आमचा प्रश्नच तेथें उलटून पडतो. पण रूप पाहावें तर पुन्हां समुद्रांतलें, सोंडा पसरलेल्या माकुळासारखें ! १८९८ सालच्या वेल्सच्या कादंबरींतले मंगळवासी तसेच सोंडांचे होते. १९७८ च्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’मधले आक्रमकहि माकूळ, खेकडा व अष्टपाद यांचेच अवतार. आपल्या किनाऱ्यावर जाळ्यांत सांपडतात, त्यांपलीकडे ही कल्पनाशक्ति शतकभर फारशी गेली नाहीं. याच खेळांत नायकाचें ‘नॉर्मंडी’ हें यान मानव व तुरियन यांनीं मिळून बांधलेलें असून, त्यावरील अधिकाऱ्यानें हाताखालच्या लोकांच्या मागें उभें राहून देखरेख करावयाची, ही रचना तुरियनांची आहे. उभें राहण्याच्या एका जागेनें परक्यांची रीत जितकी कळते, तितकी शंभर सोंडांनीं कळत नाहीं.

दोष केवळ कल्पनादारिद्र्याचा असता तर आम्हीं लेखणी उचलली नसती. आपलें तें लोखंडी व कष्टानें घडलेलें, शत्रूचें तें बुळबुळीत व पशूसारखें, अशी वांटणी झाली कीं त्यावर बंदूक चालवितांना हात अडखळत नाहीं. परक्यास पशु ठरविण्याचें काम यानाच्या आकारानेंच आधीं उरकलेलें असतें.

म्हणून ‘आउटर वाइल्ड्स’ (२०१९) या खेळाचें आम्हांस कौतुक वाटतें. येथें खेळणारा स्वतःच चार डोळ्यांचा परग्रहवासी आहे. त्याचें यान लाकूड व पत्रा ठोकून केलेलें. पाहतांच कळतें कीं, याचा गांव रानांत आहे आणि गांवकरी हौशी सुतार आहेत. त्या यानावर शस्त्र नाहीं. नोमाई नांवाची एक नामशेष जात मागें ठेवून गेलेलें लेखन वाचीत हिंडावयाचें, हाच खेळ. भिंतीवर वळणावळणानें लिहिलेल्या त्यांच्या संवादांस प्रत्युत्तरांच्या फांद्या फुटलेल्या असतात. ते वाचून त्यांच्या भग्न जहाजापाशीं पोंचावें, तेव्हां तें लूट करण्याजोगें अवशेष वाटत नाहीं. कोणाचें तरी मोडलेलें घर वाटतें. भाषांतराचें यंत्र हाताशीं असल्यानें नोमाई कांहींसे आपल्याच विद्वानांसारखे बोलतात, हें न्यून मात्र कबूल केलें पाहिजे.

परकें दार दिसतांच हात बंदुकीकडे जावा, कीं उंबऱ्याशीं थांबून येथें कोण राहत असेल हें पाहावें, हें वळण मुलांस कोठून तरी लागतच असतें. आज तें या पडद्यावरूनहि लागतें. यान रेखाटणाराच्या कुंचल्याकडे वडील मंडळींनीं पाहावें, तें याकरितां.