पत्ता आणि जन्मदाखला

‘क्ष-किरणांनी गॅमा-स्फोटांच्या जन्माचे कोडे सोडवले’ असे वाक्य विज्ञानविषयक लेखनात वारंवार आढळते. ते अर्धेच खरे आहे, असे आम्हांला वाटते.

गॅमा किरणांचा झोत बहुधा काही सेकंदांतच संपतो. स्फोटातून सुटलेले द्रव्य नंतर भोवतालच्या विरळ वायूवर आदळते आणि कित्येक तास, कधी कित्येक दिवस, क्ष-किरणांत मंदावत जाणारी दीप्ती देते. हीच पश्चदीप्ती. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात पऱ्हाटीचा ढीग पेटवला, की जाळ लवकर विझतो. निखारे मात्र जागा दाखवत राहतात. पण उपमा इथवरच! निखारा जळालेल्या पऱ्हाटीचा असतो, पश्चदीप्ती मात्र भोवतालच्या वायूशी झालेल्या टकरीची. म्हणून स्फोट कोठे झाला हे ती नेमके सांगते. काय फुटले, हे सहसा सांगत नाही.

अशी दीप्ती २८ फेब्रुवारी १९९७ च्या स्फोटानंतर बेपोसॅक्स उपग्रहाला प्रथम सापडली. पत्ता मिळाल्यामुळे दुर्बिणी रोखता आल्या. त्याच वर्षी मे महिन्यातील एका स्फोटाच्या दृश्य प्रकाशाचा वर्णपट मिळाला आणि तो स्फोट अब्जावधी प्रकाशवर्षे दूरचा ठरला. जन्मदाखला मात्र इतरांनी दिला. २९ मार्च २००३ च्या दीर्घ स्फोटानंतर वर्णपटात अतिनवताऱ्याच्या खुणा उमटल्या. १७ ऑगस्ट २०१७ च्या लघुस्फोटामागे दोन न्यूट्रॉन ताऱ्यांचे मीलन होते, हे गुरुत्वीय लहरींनी सांगितले. त्याची क्ष-किरण दीप्ती तर नऊ दिवसांनी दिसली.

पत्ता जुळला म्हणजे नाते जुळतेच, असेही नाही. ४ जानेवारी २०१७ रोजी लायगोने दोन कृष्णविवरांच्या मीलनाच्या लहरी टिपल्या. त्या जेथून आल्या असाव्यात त्या आकाशपट्ट्यात हवाईतील ‘अ‍ॅटलास’ दुर्बिणीला झपाट्याने मंदावणारा प्रकाशबिंदू दिसला. हा त्याच मीलनाचा प्रकाश असेल काय? भारताच्या अ‍ॅस्ट्रोसॅट उपग्रहावरील सीझेडटीआय उपकरणाने त्या लहरींनंतर सुमारे २० तासांनी एक गॅमा-स्फोट नोंदवला होता. वरुण भालेराव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्ष-किरण, दृश्य प्रकाश व रेडिओ लहरी यांची निरीक्षणे एकत्र ताडून पाहिली. तो बिंदू या गॅमा-स्फोटाची पश्चदीप्ती निघाला. कृष्णविवरांशी त्याचा संबंध नव्हता. एकाच पट्ट्यात दोन घटना घडल्या, हा निव्वळ योगायोग!

शिक्षकांना आमची सूचना एवढीच : फळ्यावर दोन रकाने आखावेत, ‘कोठे?’ आणि ‘काय?’. प्रत्येक निरीक्षण कोणत्या रकान्यात बसते, हे विद्यार्थ्यांनाच ठरवू द्यावे. उत्तर पाठ करण्यापेक्षा पुराव्याची मर्यादा ओळखणे अधिक मोलाचे आहे.