कोरियन लिपीच्या मूळाविषयीं

कोरियाची लिपि नागरीपासून निघाली, असें म्हणणारांची सारी भिस्त वर्णक्रमावर आहे. तो क्रम उच्चारस्थानांस अनुसरणारा असून त्यांत क, ख, ङ ओळीनें भेटतात. शिक्षाग्रंथ पढलेल्यास मोह पडावा हें साहजिक होय. परंतु सेजोंग राजानें १४४३-४४ त सिद्ध केलेल्या २८ अक्षरांचें विवरण करणारा ‘हुनमिन जोंगउम हेर्ये’ हा १४४६ सालचा छापील ग्रंथ १९४० सालीं उजेडांत आला. त्याची साक्ष निराळी आहे. ककार म्हणजे घसा रोधणाऱ्या जिव्हामूलाची आकृति, नकार म्हणजे टाळूस लागलेली जीभ, मकार म्हणजे मुख, असें तो स्वच्छ सांगतो. स्वरांत वाटोळा बिंदु आकाश, आडवी रेघ पृथ्वी, उभी रेघ मनुष्य. (ऋक्प्रातिशाख्यांतही कवर्ग जिव्हामूलीयच आहे, साम्य गोड खरें, पण तो पुरावा नव्हे.)

स्थानांचें वर्गीकरण चिनी ध्वनिशास्त्रांतून आलें व त्यावर बौद्धांच्या द्वारें संस्कृताची छाया पडली होती, एवढें ऋण आम्ही निःशंक मानतों. तें मांडणीचें, आकृतीचें नव्हे. ग्रंथांतील जोंग इन-जी याच्या लेखांत अक्षरांचें वळण जुन्या मुद्रालिपीचें म्हटलें आहे. त्यावरून गारी लेडयार्ड यांनीं कांहीं अक्षरांचा संबंध मंगोल अमदानींतील फाग्स-पा लिपीशीं जोडला. फाग्स-पा तिबेटीवरून व तिबेटी भारतीय लिपीवरून बेतलेली असल्यानें ही वाट तपासण्याजोगी आहे. नागरीकडे मात्र ती जात नाहीं.